आग्रहाचा हात

जगात कुठेही नवा यांत्रिक हात बसवला, की तो नीट चालतो का हे पाहण्यासाठी अभियंते आधी त्याला एक ताट वाढायला लावतात. ताट खरे नसते. कुठे पुठ्ठ्याची चकती असते, कुठे पत्र्याचा तुकडा. पदार्थही नसतात. कुणी स्क्रू ठेवतो, कुणी रंगीत मणी. हात मात्र दर वेळी तेच करतो. वरच्या कडेला मध्यावर चिमूटभर काहीतरी ठेवतो, मग डावीकडे लहान लहान गोष्टी, मग उजवीकडे जरा मोठ्या, आणि शेवटी मधोमध एक मूद. मग थोडा मागे सरतो आणि थांबतो, जणू समोर कुणी जेवायला बसणार आहे.

फिनलंडच्या किंवा ब्राझीलच्या अभियंत्याला हे काय चालले आहे याची कल्पना नसते. त्याच्या दृष्टीने ती एक चाचणी. पण गंमत वाटून लोक त्याच्या चित्रफिती पाठवत, आणि दुपारी मी त्या राजमतीला दाखवत असे.

"हे बघ, ब्राझील."

ती उशीवरून मान वळवायची. "लिंबू विसरला की तो."

"त्यांच्याकडे पिवळं काही नव्हतं म्हणे."

"मग जागा रिकामी ठेवायची. चटणी सरकवून कशाला घेतली?"

ती जागा, तो क्रम, ते मागे सरून थांबणे, सगळे तिचे होते. राजमती माझी बायको.

हे कसे झाले ते सांगायला हवे. मी जन्मभर ग्रंथपाल होतो, यंत्रांतले मला थोडेच कळते. माझ्या बहिणीची मुलगी त्रिशला शिकायला म्हणून सांगलीत आमच्याकडे आली आणि शिक्षण संपल्यावरही वरच्या खोलीत राहिली. एकदा ती म्हणाली, "मामा, मी एक लायब्ररी लिहितेय," तेव्हा ती पुस्तकांची सूची करते आहे असे वाटून मी तिला जुनी कपाटे देऊ केली होती. ती खूप हसली. मग तिने समजावले, की इतरांनी वापरायच्या तयार सूचनांच्या संचाला संगणकवाले लायब्ररी म्हणतात. त्यातले मला जेवढे उमजले तेवढे लिहितो.

कारखान्यांत काम करणारे यांत्रिक हात बनवणाऱ्या कंपन्या अनेक, आणि प्रत्येकीच्या हाताची भाषा वेगळी. एका हाताला 'उचल' म्हटलेले दुसऱ्याला कळत नाही. त्रिशलाने पायथन या संगणकाच्या भाषेत एक दुभाष्या लिहिला. माणसाने साधेपणाने सांगायचे, दुभाष्या ते ज्या त्या हाताला त्याच्या भाषेत पोचवणार. हा दुभाष्या तिने कुणाला विकला नाही. तो जगासमोर उघडा ठेवला. कुणीही वाचावा, वापरावा, त्यातल्या चुका दुरुस्त कराव्यात आणि ती दुरुस्ती परत सगळ्यांना द्यावी. त्याला नाव दिले 'वाढपी'. नाव सुचवले यासीन मुजावरने. यासीन कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मोडीत निघालेले रोबो दुरुस्त करतो. त्रिशलाला पहिला हात त्यानेच दिला होता.

पण नुसत्या दुभाष्याने भागले नाही. हाताला 'उचल' कळले तरी अंडे कसे उचलायचे आणि लोखंड कसे, हे कळत नव्हते. ते शब्दांत सांगता येत नाही, करून दाखवावे लागते. त्यासाठी हातमोज्यात सेन्सर बसवतात आणि कपाळावर कॅमेरा. समोर काय दिसले आणि त्यावर हाताने काय केले, अशा हजारो जोड्या यंत्र पाहते. मग नवे काही समोर आले, की अशा वेळी त्या हाताने काय केले असते, याचा ते अंदाज बांधते. आता इतक्या तऱ्हेच्या हालचाली एकाच जागी मिळणार कुठे?

"मामी, तू वाढतेस त्यात सगळं आहे," त्रिशला म्हणाली होती. "आमटी सांडते, पापड मोडतो, भात चिकटतो, तूप ओघळतं. शिवाय समोर माणसं बसलेली."

मग दिवाळी, बारसे, साखरपुडे, मंदिरातल्या पूजेनंतरच्या पंगती, जिथे जिथे राजमती वाढायला उभी राहिली तिथे तिथे तिच्या हातात तो काळा मोजा आणि कपाळावर कॅमेऱ्याची पट्टी. पदर खोचून ती वाकायची आणि पाहुणे हसायचे. "राजमतीअक्का, पतंग उडवायला निघालीस काय मोजा घालून?" कुणीतरी म्हणायचे. ती त्याच्या पानात एक जिलेबी जास्त टाकायची.

त्या साऱ्या वाढण्यातून त्रिशलाने जी तयार केली तिला 'मूळ चाल' म्हणतात. वाढपीबरोबर ती सगळीकडे गेली. लोकांनी तिच्यावर आपापली कामे चढवली, कुणी काच ओतायला शिकवली, कुणी औषधाच्या बाटल्या भरायला. पण तळाशी मूळ चाल तीच राहिली.

पूर्वी कारखान्यांत हे हात जाळीच्या पिंजऱ्यात असत, कारण त्यांच्या वाटेत माणूस आलेला त्यांना कळत नसे. वाढपीचे हात वेगळे निघाले. माणसाचा हात जवळ आला की ते थांबत, वाट पाहत, जरा बाजूने जात. असे करा म्हणून कुणी त्यांना सांगितले नव्हते. हळूहळू पिंजरे निघाले. मग हात कारखान्यांतून बाहेर पडले आणि दवाखान्यांत, वृद्धांच्या घरांत, गोदामांत आले. सांगलीच्या हळद बाजारात पोती रचणारे हात आले, आणि हळदीच्या पिवळ्या धुक्यात ते वाकताना दिसले, की मला जवळून कुणीतरी ओळखीचे गेल्यासारखे वाटे. वाकायच्या आधी किंचित डावीकडे झुकणे. राजमतीची कंबर दुखायची म्हणून ती तशी झुकायची.

उत्तरेकडच्या एका बर्फाळ गावातल्या वृद्धाश्रमातून एका परिचारिकेने लिहिले होते: इथले लोक जेवायला तोंड फिरवतात. आम्ही आग्रह केला की चिडतात. तुमचा हात आधी थांबतो, ऐकून घेतल्यासारखा. मग थोडे कमी करून पुन्हा पुढे करतो. त्याचे ते खातात.

राजमतीला वाचून दाखवले तेव्हा ती इतकेच म्हणाली, "खाणारच की. पहिल्या नकोला कोण वाढायचं थांबतं?"

मग तिच्या यकृताचा आजार निघाला. उपचार झाले, पुन्हा झाले, आणि एका दिवाळीनंतर डॉक्टरांनी फाइल मिटून ठेवली. पोटात नळी घालून अन्न दिले तर काही महिने वाढतील, असे ते म्हणाले. राजमती म्हणाली, नळी नको. मी म्हणालो, विचार करू. त्यानंतर आमच्या घरात विचार करणे म्हणजे मी तिला भरवायचा प्रयत्न करणे, एवढाच अर्थ उरला.

यासीनने एक जुना नारिंगी हात आणून बसवला. स्वयंपाकघरापासून पलंगापर्यंत छताला रूळ लावला. तो हात ओट्यावरून वाटी घेऊन यायचा, वाकायचा, डावीकडे झुकायचा, चमचा पुढे करायचा. राजमतीने त्याचे नाव जाऊबाई ठेवले.

"माझ्याच वळणाची आहे," ती यासीनला म्हणाली. "एका स्वयंपाकघरात दोघी. भांडणं होणार बघ."

"मामी, भांडलीच तर मला सांगा. मी तिची वायर काढतो."

"आधी ह्यांची काढ," माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली.

तिला भरवण्याची माझी पद्धत अशी होती. मी खुर्चीवर पेपर धरून बसायचो. समोरासमोर आग्रह करणे मला कधी जमले नाही, ते खाते तिचे होते. जाऊबाई पेजेची वाटी आणायची. राजमती थोडे घ्यायची आणि वाटीवर हात आडवा धरायची. जाऊबाई थांबायची. मग तो नारिंगी हात अगदी हळू, तिच्या बोटांच्या कडेने, अर्धा चमचा पुढे करायचा. राजमती सुस्कारा टाकून तो घ्यायची. तो अर्धा चमचा तिच्या घशाखाली उतरला, की मला दिवस सार्थकी लागल्यासारखे वाटायचे. मी पेपरचे पान उलटायचो.

एके दिवशी सकाळी त्रिशला जिन्यावरून खाली आली. केस विंचरलेले नव्हते, हातात फोन होता.

"मामा, एकाची बोटं गेली."

वाढपी वापरणाऱ्यांनी तक्रारी लिहायचे इंटरनेटवर एक पान आहे. तिथे चिलीतल्या एका काच कारखान्यातल्या कामगाराच्या बहिणीने लिहिले होते. कामगाराचे नाव मातेओ. हात काचेच्या पाट्या एकावर एक ठेवत होता. एक पाटी वाकडी बसली म्हणून मातेओने थांब अशी खूण केली, पंजा आडवा धरून. हात थांबला. मातेओने पाटी सरळ करायला बोटे आत घातली. मग हाताने अगदी हळू, आणखी एक पाटी ठेवली.

बहिणीने खाली भावाचे शब्द दिले होते. मी हात दाखवला होता. तो थांबला. मला वाटले, त्याला कळले.

त्रिशलाने तासाभरात जगभर सूचना पाठवली: माणूस जवळ असेल तिथे पिंजरे परत लावा, दुरुस्ती होईपर्यंत. मग ती जुनी चित्रणे काढून बसली. राजमतीला दिसावे म्हणून भिंतीवरच्या पडद्यावर. काही वर्षांपूर्वीची राजमती स्वतः पडद्यावर नव्हती, कारण कॅमेरा तिच्याच कपाळावर. दिसत होते ते तिचा हात आणि पाहुण्यांची पाने. पानांवर आडवे झालेले पंजे, बांगड्यांचे, अंगठ्यांचे, पांढऱ्या केसांचे, हळद लागलेले. प्रत्येक पंजासमोर तिचा हात थांबत होता. आणि प्रत्येक पंजाच्या कडेने थोडेसे वाढत होता.

दुपारपर्यंत त्रिशला पाहत राहिली. मग म्हणाली, "एकही नाही, मामा. एवढ्या पंगतींत एकाचंही नको मामीनं ऐकलेलं नाही."

"ऐकत होते की," राजमती पलंगावरून म्हणाली. "म्हणून तर थोडं वाढायचे. नाही तर पळीभर वाढलं असतं."

"चिलीतल्या माणसाला वाटलं नको म्हणजे नको, मामी."

पडद्यावर कुणाच्या तरी पंजाच्या कडेने राजमतीचा हात वरणावर तूप सोडत होता.

मूळ चालीतून आग्रह काढून टाकावा, असे मला वाटले. त्रिशलाने ते करून पाहिले होते. "थांबणं आणि पुन्हा वाढणं एकाच चित्रणातून आलंय, मामा. ती चित्रणं काढली की थांबणंही जातं. मग तो माणसाचा हात बघतच नाही, पूर्वीच्या यंत्रांसारखा." तिकडे वृद्धाश्रमांतून निरोप येऊ लागले की आमचा हात बदलू नका, आमची माणसे उपाशी राहतील. एका बाजूला मातेओची बोटे, दुसऱ्या बाजूला बर्फातल्या गावातला तो अर्धा चमचा. त्रिशला जेवेनाशी झाली.

काढायचे नसेल तर घालायला हवे होते. खरे नको आणि ते ऐकून परत फिरणारा हात, अशी नवी चित्रणे. आम्हा जैनांत एखाद्याने काही काळापुरता एखादा पदार्थ सोडलेला असतो. तो 'नियम आहे' म्हणून हात जोडतो आणि वाढणारा मुकाट्याने पुढे सरकतो. राजमतीनेही नियमापुढे कधी हट्ट केला नव्हता. मी ते सुचवले. मंदिरातल्या मंडळींनी आनंदाने मदत केली.

यासीनने ती चित्रणे पाहिली आणि डोके खाजवले. "छान आहे, मामा. पण अंगावर काच येताना तो चिलीतला भाऊ आधी हात जोडून नमस्कार करणार?"

त्याने आपल्या वर्कशॉपमधली माणसे बसवली, पंगत मांडली, स्वतः मोजा घालून वाढायला उभा राहिला. नको म्हणायचे आणि मी परत फिरणार, असे ठरवून. संध्याकाळी तो चित्रण घेऊन आला तेव्हा त्रिशलाने दोन मिनिटे पाहून मान हलवली.

"तू वाढायला आलाच नाहीयेस, यासीनभाई. बघ, तुझा हात अर्ध्यातूनच मागे वळतोय. जो द्यायला आलाच नव्हता त्याचं परत जाणं शिकून काय उपयोग? ज्याला मनापासून वाढायचंय, त्याला परत फिरावं लागलं पाहिजे."

"मग असा माणूस आणू कुठून?"

आम्ही तिघे पलंगाभोवती होतो. कलता दिवस होता. आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणे होतात, त्यामुळे जाऊबाई वाटी घेऊन निघालीच होती. रुळावरून येताना तिची सावली भिंतीवरून पाण्यासारखी सरकत होती. राजमतीने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"ह्यांना उभं करा," ती म्हणाली.

"मामी, असलं काही बोलू नकोस," त्रिशला एकदम म्हणाली. "मी तुझ्यावर प्रयोग करणार नाही."

"प्रयोग कसला गं? मला खरंच नकोय. रोज नकोय. रोज ही बया वाढते आणि हे पेपराआडून बघतात. पेपर उलटा असतो पुष्कळदा."

यासीन हसला आणि मग त्याने तोंड फिरवले.

मी म्हणालो, "डॉक्टर म्हणाले होते, थोडं थोडं पोटात जात राहिलं तर..."

"डॉक्टरांचं ऐकलं. तुमचंही ऐकलं. जाऊबाईचं तर दोन्ही वेळेला ऐकते. घास तोंडात फिरतो नुसता. मग सगळी दुपार पोटात दगड घेऊन पडून राहायचं. तुम्हाला समाधान वाटतं म्हणून घेत होते."

"नियम घेतला आहेस का तू?" मी विचारले. माझा आवाज मला चमत्कारिक वाटला. नियम असता तर मी मुकाट्याने मागे झालो असतो, वाट सोपी झाली असती.

"नाही घेतला. नुसतं नको आहे." तिने माझ्याकडे पाहिले. "नुसत्या नकोला किंमत नाही का?"

त्रिशलाने डोळे पुसले आणि मला विचारले, "मामा?"

मी उठलो.

अशा हाताला शिकवायची आणखी एक रीत आहे. मोजा लागत नाही. त्याचे मनगट धरायचे आणि त्याला हवे तसे न्यायचे, मुलाचा हात धरून अक्षर गिरवतो तसे. त्या वेळी हात सैल सोडलेला असतो, पण पुरता नाही. त्याला जिकडे जावेसे वाटते तिकडे तो हलकासा दाब देतो, म्हणजे शिकवणाऱ्याला त्याचा कल कळतो. हे त्रिशलाने मला आधी सांगितले होते. सांगणे आणि धरणे यांत फरक आहे.

मी जाऊबाईचे मनगट धरले. धातू कोमट होता. आम्ही दोघे वाकलो, डावीकडे झुकलो. राजमतीने पहिला चमचा घेतला. मग तिने वाटीवर हात आडवा धरला.

मी थांबलो. मग बोटांच्या कडेने अर्धा चमचा पुढे केला.

"अहो, वाढलंत की," ती म्हणाली.

"जाऊबाईनं नेलं."

"मामा, तिचा दाब अगदी थोडा आहे. इथे दिसतोय मला," त्रिशला हळूच म्हणाली. "नेलंत तुम्ही."

पुन्हा तेच झाले. आणि आणखी एकदा. दर वेळी मी मनाशी ठरवायचो आणि दर वेळी माझा हात पुढे जायचा. यासीन म्हणाला, "मामा, बसा, उद्या करू." राजमती म्हणाली, "उद्या काय वेगळं होणार आहे? धरा."

मी धरले. तिने वाटीवर हात ठेवला. त्या हातावरची कातडी कागदासारखी झाली होती आणि निळ्या शिरा उठल्या होत्या, पण बोटे मिटलेली होती, एकमेकांना चिकटून. पंगतीतल्या पाहुण्यांची बोटे फाकलेली असायची, हे मला त्या क्षणी दिसले की नंतर सुचले, आता सांगता येत नाही. मी त्या हाताकडे पाहत राहिलो. मी तिच्या नजरेला नजर दिली असती तर पुन्हा वाढले असते.

आणि मग मला तो दाब जाणवला.

जाऊबाईच्या मनगटातून, माझ्या तळव्यात. अगदी हलका, समजूतदार, हसरा म्हणावा असा. थोडं घ्या हो, एवढ्यानं काय होतंय. तो मला पाठ होता. लग्नानंतरच्या पहिल्या पंगतीपासून तो माझ्या पानाकडे वळत आला होता. मी दमून घरी आलो तेव्हा, परीक्षेत नापास झालेली ग्रंथालयातली मुले घरी येऊन बसायची तेव्हा, माझी आई गेली त्या संध्याकाळी. ही माझी राजमती होती, पदर खोचलेली, घामेजलेली, कुणालाही अर्धपोटी उठू न देणारी. ती माझ्या मुठीत होती आणि वाढायचे म्हणत होती. आणि पलंगावरही राजमतीच होती, आणि ती नको म्हणत होती.

कितीतरी वेळ दोघींच्या मध्ये मी तसाच उभा होतो. बाहेर कृष्णेवर पाखरे उतरत होती, त्यांचा आवाज ऐकू येत होता.

मग मी मुठीतली ओढ धरून ठेवली आणि हात मागे घेतला. तो आला. कुरकुर न करता आला. भरलेला चमचा वाटीत परत गेला, वाटी रुळावरून ओट्याकडे गेली, आणि मी रिकामा तळवा धोतराला पुसत उभा राहिलो.

राजमतीने वाटीच्या जागेवरून हात उचलून छातीवर ठेवला. "हं," ती म्हणाली. एखादे जड गाठोडे खाली ठेवल्यावर माणूस करतो तसा आवाज.

एका चित्रणाने यंत्र शिकत नाही. त्यानंतर दर जेवणाला मी मनगट धरून उभा राहिलो. तिला हवे असेल तेवढे ती घ्यायची आणि मग बोटे मिटायची, आणि मी परत फिरायचो. कधी तिला खरेच आणखी हवे असायचे. तेव्हा ती बोटे फाकवून डोळे मिचकवायची आणि मी वाढायचो. तेही यंत्राने पाहिले. वृद्धाश्रमांसाठी तेही हवे होते.

त्रिशलाने वाढपीच्या पानावर एवढेच लिहिले की खऱ्या नकोची चित्रणे हवी आहेत, घरातली, मनापासूनची. आणि जगाच्या कोपऱ्याकोपऱ्यातून नको येऊ लागले. दूध नको म्हणून मान फिरवणारे बाळ आणि बाटली मागे घेणारी आई. नातीने आणलेले औषध हाताने बाजूला करणारे आजोबा. लग्नाच्या मेजवानीत पेला पालथा घालणारी एक बाई. आम्ही तिघे, आणि असला की यासीन, दुपारी ती चित्रणे पाहत बसायचो. भाषा एकही कळायची नाही. राजमती मात्र सांगायची, "हे खरं आहे," किंवा "हिला हवंय अजून, थांबा जरा." कधी ती चुकायची आणि आम्ही हसायचो.

एक चित्रण चिलीहून आले. मातेओ एका टेबलाशी बसलेला, डाव्या हाताला जाड बांधलेले. त्याची बहीण सूप वाढत होती. त्याने उजवा पंजा आडवा केला. बहिणीचा डाव वाटीवर क्षणभर थांबला आणि मागे गेला. मग दोघेही कॅमेऱ्याकडे पाहत राहिली. राजमतीने ते पुन्हा लावायला सांगितले.

"जेवला असेल ना तो पोटभर?" तिने विचारले.

नवी मूळ चाल जगात गेली. कुपवाडला यासीनने आपल्या वर्कशॉपातल्या प्रत्येक हातासमोर उभे राहून आपला पंजा आडवा धरला आणि प्रत्येक हात मागे सरला. बर्फातल्या गावातून परिचारिकेने लिहिले की बहुतेक जण पूर्वीसारखेच दुसऱ्यांदा विचारल्यावर खातात. एका म्हाताऱ्याने मात्र बोटे मिटून धरली, हात परत गेला, आणि तो म्हातारा कितीतरी दिवसांनी तिच्याशी बोलला.

त्या दुपारी मी खुर्चीवर होतो. पेपर घेतला नव्हता. जाऊबाई रुळावरून आली, एकटीच, तिचे मनगट धरायला आता कुणी नको होते. पेजेवर वाफ होती. राजमतीने एक चमचा घेतला, दुसरा घेतला नाही. तिने वाटीवर हात ठेवला.

जाऊबाई थांबली. तो नारिंगी हात तिच्या मिटलेल्या बोटांकडे पाहत असल्यासारखा अधांतरी राहिला आणि मग मागे झाला, वळला, आणि भिंतीवरून आपली सावली घेऊन स्वयंपाकघरात निघून गेला.

थोडंसं, असे म्हणायला माझे तोंड उघडले होते. राजमतीने ते पाहिले. मी तोंड मिटले आणि खुर्ची पुढे ओढून पलंगाला लावली.

"बोला की काहीतरी," ती म्हणाली. "कितीतरी दिवस झाले, तुम्ही जेवणाशिवाय दुसरं काही बोलला नाहीत."

खरेच होते. काय बोलावे ते मला सुचेना. मी खिडकीबाहेर पाहिले. नदीच्या पलीकडे कुणीतरी गुडघाभर पाण्यात उभे राहून एक म्हैस धूत होते, आणि म्हैस मधूनच मान झटकून त्याला भिजवत होती. तिला पलंगावरून ते दिसत नव्हते. मी ते तिला सांगायला लागलो.